माहेनूरचा हात, हात लावू नये

इंद्रायणीबाई क्षीरसागर चिडल्या की आधी चष्मा काढतात. चष्मा नाकावर आहे तोवर समोरच्याला काढता पाय घ्यायला सवड असते. एकदा तो पदराला पुसून टेबलावर ठेवला गेला की मध्ये पडायची कुणाची छाती होत नाही, यजमानांची तर नाहीच. यजमान देवदत्तसर हायस्कुलात गणित शिकवतात आणि घरी आले की ऐकतात. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाच बायकोला ‘जरा शांतपणे घे’ म्हटलं होतं. त्याला आता वीस वर्षं होतील, पण तो विषय निघाला की सर अजून चपला घालून दूध आणायला जातात, घरात दूध असलं तरी.

गल्लीला एवढं ठाऊक होतं की बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतात आणि परदेशातल्या लोकांशी भांडतात. कशावरून, ते कुणालाच कळत नव्हतं. समोरच्या राजाबाईंनी अशी बातमी उठवली होती की बाईंची अमेरिकेत वाटणीची केस चालू आहे. ती बातमी नव्या पेठेतल्या दोन कापडदुकानांपर्यंत पोचली, आणि एका दुकानदाराने बाईंना ‘निकाल लागला का हो वहिनी?’ म्हणून विचारलं. त्या दिवशी चष्मा भर बाजारात निघाला.

केस वगैरे काही नव्हती. बाई एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक. मुलांनी बटणं उपटलेले कीबोर्ड, शेपटी तुटलेले माउस, गेलेली पेनं, असा सगळा संसार त्यांच्या टेबलावर येऊन पडायचा. त्यातून त्यांनी एक काम उभं केलं होतं. आपण कीबोर्डचं बटण दाबतो, माउस सरकवतो, पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर टेकवतो, तेव्हा त्याला आत नुसता खडखडाट ऐकू जातो. त्या खडखडाटातून ‘माणसाने अमुक दाबलं, आणि एकदाच दाबलं’ एवढं नेमकं निवडून पुढच्या प्रोग्रामला सांगणारा कुणीतरी मध्ये लागतो. बाईंनी लिहिला तो हा मधला. अशा कामाला त्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. बाईंनी तिचं नाव ‘खटका’ ठेवलं आणि ती उघड्यावर ठेवून दिली. कुणीही न्यावी, वापरावी, आतलं वाचावं, काही सुधारलं तर परत आणून द्यावं. शेजारणीला विरजण द्यावं तितक्या सहज. बघता बघता हा खटका कुठल्या कुठल्या देशांतल्या प्रोग्रामांत जाऊन बसला, आणि तिथून रोज सकाळी तक्रारी यायला लागल्या. बाई त्या तक्रारींना उत्तरं देत. गल्लीला ते भांडण वाटे, कारण बाईंचं उत्तर द्यायचं तंत्रच तसं होतं.

पण खरं मोठं भांडण पेटलं ते एका हातावरून.

माहेनूर ही बाईंची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघींचे वडील अक्कलकोट रोडच्या एकाच चादर कारखान्यात. माहेनूरचे वडील मौलाभाई मागावर, आणि इंद्रायणीचे वडील जॉबर, म्हणजे माग जुळवणारे, दुरुस्त करणारे. मौलाभाई डावखुरे होते. जॉबरने त्यांच्या मागाचा दांडा खास डाव्या हाताला येईल असा वळवून बसवला आणि चौकटीवर खडूने लिहून ठेवलं: ‘मौलाचा माग. हात लावू नये.’ बास. का लावू नये, ते लिहिलं नव्हतं. कारखान्यात माग माणसाच्या नावानेच ओळखतात. नाव आहे म्हणजे त्या माणसाच्या अंगाचं काहीतरी कारण असणार, एवढं झाडूवाल्यालाही कळायचं. मौलाभाई गेले, त्यांच्या जागी दुसरा आला, तरी वर्षभर त्या दांड्याला कुणी हात लावला नाही.

माहेनूर मोठी होऊन नक्षीकार झाली. चादरीवरचा मोर, वेल, झुंबर, आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढायची, आता कॉम्प्युटरच्या पाटीवर पेनाने काढते. एक टेकवण म्हणजे एक ठिपका, एक ठिपका म्हणजे मागावरचा एक धागा. चाळिशी ओलांडली आणि तिचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण बरंही होणार नाही. पेन पाटीवर एकदा टेकवायला जावं तर ते थरथरून चारदा टेकायचं. कारखान्यात कळलं तर नक्षी हातातून जाणार. माहेनूरने मैत्रिणीला गाठलं.

‘इंद्रे, कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’

‘मग आधी जिवंत आहेस तोवर हात दाखव,’ बाई म्हणाल्या, आणि तिचा हात पाटीवर धरून तीन दिवस मोजत बसल्या. एकदा पेन टेकलं की सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत पुन्हा जितक्या वेळा टेकेल ते सगळं थरथर म्हणून सोडून द्यायचं, असं त्यांनी खटक्यात घातलं. ज्याला नको असेल त्याने ते बंद करावं, अशी सोयही ठेवली. आणि त्या ओळीच्या डोक्यावर, वडिलांच्या खडूची आठवण होऊन असेल किंवा सवयच ती, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत लिहिलं: ‘माहेनूरचा हात. हात लावू नये.’

त्यालाही सहा वर्षं झाली. कारखान्यात माहेनूर हात ओढणीखाली ठेवायची, आणि पेन धरलं की खटका तिची लाज झाकायचा. मोराचा डोळा एक काढला की एकच उठायचा.

मंगळवारी संध्याकाळी माहेनूर दारात आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. काखेत एक चादर होती.

‘इंद्रे, माझा हात गेला गं.’

‘गेला म्हणजे?’

तिने चादर उलगडली. निळ्या चादरीवर लाल मोर, आणि मोराला चार डोळे. डोळ्यांच्या खाली चोचीला गळू झाल्यासारखे ठिपके. पिसाऱ्याची तर भजी झाली होती.

‘एक ठिपका काढाय जाते तर चार उठतात. पुसाय जाते तर चार पुसतात. दोन दिवस झगडले, मग द्यावंच लागलं. शिवलिंगप्पा शेठ म्हणतात, माहेनूरताई, डोळे तपासून घ्या की. मी बोलले, हौ, घेते. हात म्हणून कसं सांगू? सोमवारी दुपारपर्यंत चांगला नमुना नाही दिला तर त्यांचा जावई कॉलेजची कोण पोरगी आणून बसवणार माझ्या खुर्चीवर. इंद्रे, वाढलं असंल का गं दुखणं?’

बाईंनी तिला आपल्या पाटीवर बसवलं. पाटीवर जुना खटका होता. माहेनूरने पेन टेकवलं, एक ठिपका उठला. पुन्हा टेकवलं, एकच. म्हणजे हात होता तसाच होता. बाईंनी विचारलं, ‘कारखान्यात काही नवीन आलं का?’ तर गेल्या शुक्रवारी नक्षीचा प्रोग्राम आपला आपण नवीन झाला होता. जुना प्रोग्राम जुन्याच खटक्यावर चालायचा, हा नवा मात्र रोज सकाळी ताजा खटका उचलतो, आणि त्या कॉम्प्युटरला प्रोग्रामवाल्यांनी असं कुलूप घातलंय की तिथे कुणालाच बोट घालता येत नाही, शेठलाही नाही.

बाईंनी खटक्यातले गेल्या महिन्यातले बदल उघडले. सतराव्या बदलात ती ओळ गायब होती.

शेजारी काढणाऱ्याचं टिपण: ‘अर्थहीन नाव. कारण कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यांनाच उगीच विलंब होतो. काढून टाकलं.’ सही, अवधूत काशीद. त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी खाली मान डोलावलेली. त्याखाली कुणा परदेशी माणसाने विचारलेलं, हा माहेनूर शब्द म्हणजे काय? दुसऱ्याने त्याच्या सात इंग्रजी अक्षरांची फोड करून सात शब्दांचं एक भारदस्त तांत्रिक नाव बनवून दाखवलेलं. तिसऱ्याने हसरा चेहरा टाकलेला.

चष्मा टेबलावर आला. देवदत्तसरांनी चपला शोधायला सुरुवात केली.

आता हा अवधूत कोण? बंगळूरच्या एका बड्या कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात बाईंना वेळ होईना, तेव्हा त्यांनीच त्याला खटक्याच्या किल्ल्या, म्हणजे त्यात बदल करायचा अधिकार, दिल्या होत्या. मुलगा हुशार, काम चोख, इंग्रजी कडक; नाव मराठी, पण दोन वर्षांत मराठीचं एक अक्षर नाही, तेव्हा बाईंना वाटलं, मराठी विसरलेलाच असणार. त्याने आणखी दोन सहकारी आणले. आणि नियम तर बाईंनी स्वतः पहिल्या दिवशी घालून ठेवलेला: कितीही मोठा माणूस असो, दुसऱ्या कुणी हो म्हटल्याशिवाय खटक्यात काही घालायचं नाही. त्यामुळे बाईंना आपली ओळ परत घालायची तर आता या तिघांपैकी एकाचा होकार लागणार होता. स्वतःच्या हाताने लावलेल्या कुलपासमोर बाई उभ्या होत्या, आणि त्याने तर त्यांचा पारा आणखीच चढला.

बुधवारी त्यांनी लिहिलं, ‘ती ओळ आजच्या आज परत घाला.’

उत्तर आलं, ‘जरूर. ती कशासाठी आहे ते कृपया लिहा.’

‘कशासाठी ते मला माहीत आहे. घाला.’

‘ते आम्हालाही माहीत असायला हवं. माहेनूर कोण किंवा काय आहे?’

‘तुमच्या कामाचा प्रश्न नाही तो.’

‘मग ही ओळही आमच्या कामाची नाही.’

आणि खरी आग इथे होती. पोरगा वेडंवाकडं बोलत नव्हता. कारण लिहा, एवढंच मागत होता. कारण बाईंच्या जिभेवर होतं, पण ते त्यांच्या मालकीचं नव्हतं. शब्द दिला होता. त्यातून तिथे लिहिलेलं सगळ्या जगाला वाचता येतं, आणि नक्षीच्या प्रोग्रामवाल्यांची माणसं तर ते वाचतातच. त्यातलाच एक दर महिन्याला शिवलिंगप्पांच्या कारखान्यात येऊन चहा पितो. माहेनूरचं दुखणं शेठच्या कानावर जायला एक चहा पुरे होता. तेव्हा बाई कारण सोडून बाकी सगळं लिहीत होत्या. त्यांनी अवधूतच्या शिक्षणाबद्दल लिहिलं, दृष्टीबद्दल लिहिलं, किल्ल्या हातात आल्या म्हणजे घर आपलं होत नाही हे लिहिलं. परदेशातली माणसं तमाशाला जमावीत तशी त्या पानावर जमली. एकाने बाईंना सभ्य भाषेची नियमावली पाठवली. बाईंनी तिच्यातल्या दोन चुका काढून परत पाठवली.

शुक्रवारी सकाळी अवधूतचा तोल गेला. त्याने लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, पण लिहिलं मराठीत: ‘ताई, उगीच भांडू नका. काम करू द्या की.’

बाई वाचून खुर्चीतून उठल्याच.

‘अहो!’

‘मी दूध…’ सर म्हणाले.

‘दूध राहू द्या. ह्याला मराठी येतंय! ‘करू द्या की’ म्हणतोय मेला. आपल्याच बाजूचा आहे!’

सरांनी पडद्यावरचं नाव वाचलं. त्यांची पहिली नोकरी बार्शीला झाली होती, सात वर्षं. ‘अवधूत काशीद? भगवंताच्या देवळामागं सोजरबाई काशीदांची पिठाची गिरणी आहे. त्यांचा मुलगा अवधूत, माझ्या वर्गात होता. हुशार होता. पायऱ्या लिहायचा नाही, एकदम उत्तर लिहायचा.’

‘आणि आता मला कारण लिही म्हणतोय!’ बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा घातला. भांडण चालू असताना चष्मा परत घातला जाणं सरांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते जास्त घाबरले. ‘उद्या बार्शी.’

जगातले लोक अशा वेळी काय करतात, ते त्यांचं त्यांना माहीत. सोलापूर जिल्ह्यातला माणूस अडला की ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या आईकडे जातो.

जायच्या आधी मात्र माहेनूरला सांगणं भाग होतं. बाई साखर पेठेत तिच्या घरी गेल्या आणि सगळं सांगितलं. ओळ कशी काढली, नियम काय, आणि ओळीवर काय लिहिलं होतं ते.

बाईंपुढे केलेली कपबशी माहेनूरने मागे घेतली. मग म्हणाली, ‘माझं नाव? तू माझं नाव लिहिलंस तिथं?’

‘अगं, तुझ्या अब्बांच्या मागावर नव्हतं का…’

‘अब्बांचा माग कारखान्यात होता, इंद्रे! चार भिंतींत! तू मला सगळ्या जगाच्या दारावर टांगलंस, आणि विचारलं पण नाही. सहा वर्षं लोक माझ्या नावाला हसतात, आणि मी इथं हात लपवून बसलीय, कुणाला कळू नये म्हणून!’

‘सहा वर्षं नाही. हसले ते गेल्या महिन्यात…’

‘मोजू नको! प्रत्येक गोष्ट मोजत बसते!’ माहेनूरच्या हातात कपबशी खडखडत होती. ‘आणि लिहिलं ते पण अर्धं. नाव लिहिलंस, दुखणं लिहिलं नाहीस. पुरं लिहिलं असतंस तर त्या पोराने काढलं असतं का? मला झाकून पण नाही ठेवलंस, आणि वाचवलं पण नाहीस.’

इंद्रायणीबाईंना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं, आणि बोलायला जागाही ठेवली नव्हती. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला. रागवायचं कुणावर, हे पहिल्यांदाच ठरेना.

‘उद्या मी बार्शीला चाललेय,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं नाव घेणार नाही.’

‘मग सांगणार काय तिथं? कप्पाळ? मी येणार. हात माझा, मी येणार.’

शनिवारी सकाळच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. पिशवीत चार डोळ्यांच्या मोराची चादर आणि शेंगाच्या चटणीचा पुडा. भांडायला जायचं झालं तरी रिकाम्या हाताने जाणं बाईंना मंजूर नव्हतं.

सोजरबाईंची गिरणी लांबून ऐकू आली. आत पिठाने पांढरी झालेली, ठेंगणी, सत्तरीची बाई पायलीने ज्वारी ओतत होती.

‘दळान ठिवा तितं, पाटीवर नाव लिवा!’ ती ओरडली.

‘दळण नाही. सोलापूरहून आलोय. तुम्ही अवधूतच्या आई ना?’

सोजरबाईंनी पट्टा उतरवला. गिरणी घरघरत थांबली. ‘व्हय. काय केलं त्यानं?’

आईला आपल्या लेकाची काय खात्री असते, ते या एका वाक्यात कळलं. बाईंनी उत्तर न देता पिठाच्या पोत्यांवर चादर पसरली. सोजरबाई पदराला हात पुसून वाकल्या.

‘आगं बया! मोराला चार डोळं?’

‘तुमच्या लेकाने दिलेत.’

‘त्यो तर बेंगळूरला कॉम्प्युटरवर हाय. चादरी कवापास्नं विणाय लागला?’

बाईंनी श्वास घेतला. तंत्रनिकेतनात पोरांना जे सहा तासांत समजावता येत नाही ते त्यांनी गिरणीकडे बघून तीन वाक्यांत सांगितलं. ‘तुम्ही भाजणीला दगड वेगळा सोडता, भाकरीच्या पिठाला वेगळा. एखाद्या म्हातारीला बारीक लागतं म्हणून खूण करून ठेवता. तुम्ही नसताना कुणी येऊन, ही खूण कशाची म्हणून, ती पुसून दगड सारखा केला तर?’

‘तंगडी तोडीन!’

‘तेच केलंय त्यानं.’

सोजरबाईंनी पिठाच्याच बोटाने फोन उचलला. चेहरा दिसणारा फोन लावला. पलीकडे अवधूत, घरच्या गंजीफ्राकात, समोर ताट.

‘आई, जेवतोय गं.’

‘ठिव ताट. ह्यो मोर बग.’

फोन चादरीवरून फिरला. ‘हे काय आहे?’ अवधूत म्हणाला, आणि मग पडद्यावर इंद्रायणीबाई आल्या. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने ओळखलं. हातातला घास ताटात पडला.

‘ताई? तुम्ही आमच्या घरी?’

‘तुझ्या घरी नाही, आईच्या घरी. ही तुझ्या सफाईची चादर. या मोराला चार डोळे आहेत, कारण तू एक ओळ काढलीस. सोमवारी दुपारी हा मोर काढणारीची खुर्ची जाणार आहे.’

अवधूत थोडा सावरला. ‘ताई, मला वाईट वाटतं. पण मी काय चुकीचं विचारलं सांगा. तीन दिवस एकच प्रश्न विचारतोय. माहेनूर कोण आहे? तुम्ही शिव्यांची तीन पानं लिहिलीत, पण तेवढं एक लिहिलं नाहीत. आईच्या समोर सांगा.’

सोजरबाईंनी बाईंकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता. पण इंद्रायणीबाईंनी माहेनूरचं नाव घेणार नाही म्हटलं होतं. शब्द दिलेला होता. त्यांनी चादरीचं टोक ओढून उगीच सरळ केलं.

‘मी आहे माहेनूर,’ मागून आवाज आला.

माहेनूरने ओढणीखालून हात काढला आणि फोनसमोर धरला. सहा वर्षं परक्या माणसासमोर न निघालेला हात. तो कापत होता, आणि रागाने आणखी कापत होता. मागे पिठाचा एक डबा त्या बोटांच्या वाऱ्याने हलतोय असं वाटावं इतका.

‘बघ नीट. हे तुझं अर्थहीन नाव. एक ठिपका काढाय जाते तर चार उठतात. हे तिनं तुझ्या मशिनीला समजावलं होतं. तू पुसलंस.’

मग अवधूत हळू म्हणाला, ‘मला वाटलं गंमत म्हणून कुणीतरी लिहिलंय.’

‘गंमत?’ बाईंनी चष्मा काढून पोत्यावर ठेवला. ‘एक सांग. त्या ओळीवर मराठीत लिहिलं होतं, हात लावू नये. ते परदेशी आडमुठे वाचू शकत नव्हते. तुला वाचता येत होतं की नाही?’

‘येत होतं.’

‘मग?’

अवधूतने खाली बघितलं. ‘तुम्ही सोडल्या तर तिथं मी एकटाच मराठी, ताई. सगळे विचारायला लागले, ही काय भाषा, ही काय मस्करी. मला लाज वाटली.’

मग जे झालं ते बार्शीत अजून सांगतात. इंद्रायणीबाई बोलायच्या आधीच सोजरबाईंनी फोन आपल्याकडे ओढला.

‘लाज? आरं, ह्या गिरणीचं पीठ नाकातोंडात घालून तुला बेंगळूरला धाडला, तवा लाज न्हाय वाटली? बाई लिवती हात लावू नगं, तुला वाचाय येतं, आन् तू लोकं हसतील म्हून हात लावतुस? त्या गोऱ्यांना कळंना म्हून काडलं असतं तर त्यंचं आडानीपण. तुला कळत हुतं! ऊट. ताट तसंच ठिव. आदी ती वळ घाल, मग जेव.’

‘घालतो आई. पण कारण लिहावं लागेल. नाहीतर उद्या दुसरा कुणी काढेल.’

सगळ्यांनी माहेनूरकडे पाहिलं. तिने हात परत ओढणीखाली नेला, मधेच थांबवला, आणि बाहेरच ठेवला.

‘लिही,’ ती म्हणाली. ‘हात कापतो म्हणून लिही. नाव पण राहू दे. पण बिचारी म्हणून लिहिलंस तर मी परत बार्शीला येईन. आणि इंद्रे, तू पण ऐक. ह्यापुढं माझं नाव लिहायचं तर आधी मला विचारायचं.’

‘विचारेन,’ बाई म्हणाल्या. एवढ्या लहान आवाजात त्यांना याआधी कुणी ऐकलं नव्हतं. सरांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

ओळ त्याच दुपारी परत आली. अवधूतच्या सहकाऱ्याने हो म्हटलं. डोक्यावर जुनी मराठी ओळ तशीच, आणि खाली बाईंनी इंग्रजीत लिहिलं: ‘माहेनूर सोलापूरला चादरींची नक्षी काढते. तिचा हात कापतो. असे हात जगात पुष्कळ असतील. त्यांना ही सोय आहे. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी ती बंद करावी, आणि फुशारकी मारू नये.’ शेवटचं वाक्य काढा, असा एकाने आग्रह धरला. बाईंनी विचारलं, ‘कारण लिहा.’ त्याला सुचलं नाही.

रविवारी माहेनूर बाईंच्या घरी बसून अर्धा तास पाटीवर पेन टेकवत राहिली, आणि बाईंनी तिच्या हाताची एकेक थरथर नोंदवून खटक्यातच ठेवली. आता कुणीही काहीही बदल केला की आधी तो त्या हातावरून जातो. एका ठिपक्याचे चार झाले की बदल आपोआप परत. बंगळूर असो, बर्लिन असो, हाताला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सोमवारी सकाळी कारखान्यातल्या प्रोग्रामने दुरुस्त खटका उचलला, आणि दुपारी माहेनूरने नमुना शिवलिंगप्पा शेठच्या टेबलावर टाकला. एका मोराला एक डोळा.

‘झाले का डोळे बरे?’ शेठ म्हणाले.

‘डोळे बरेच होते. हात कापतो. सहा वर्षं झाली.’

शेठने चष्म्यावरून पाहिलं. ‘सहा वर्षं? आणि मला कळलं नाही?’

‘तुम्ही नक्षी बघत होता की. हात कधी बघितला?’

शेठ काही भला माणूस नाही. त्यांनी नमुना उजेडात धरला, उलटा केला, नखाने खाजवला. चूक सापडेना, तसे ते जास्त वैतागले. ‘आता जावयाला काय सांगू मी? त्याने पोरीला शब्द दिलाय.’

‘सांगा, खुर्ची रिकामी नाही.’

‘बरं, जा, झुंबराची नक्षी अर्धी पडलीय,’ शेठ तोंड वाकडं करून म्हणाले. माहेनूर जाऊन बसली, आणि पेन धरायच्या आधी ओढणी खुर्चीच्या पाठीला टाकली. कारखान्यात चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी बोनसची बातमी आली आणि लोक तिकडे वळले.

राहिली ती चादर. ती सोजरबाईंनी ठेवून घेतली होती. ‘लेक आला की हीच पांघराय देते. रातभर चार डोळं त्याच्याकडं बगत ऱ्हातील.’ बाईंना हे इतकं पटलं होतं की चटणीचा पुडाही तिथेच राहिला.

दिवाळीत अवधूत बार्शीला आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाईंचा फोन. बाई आणि माहेनूर चहा घेत बसल्या होत्या. माहेनूरची बशी खुशाल वाजत होती.

‘दिली का पांघरायला?’ बाईंनी विचारलं.

‘दिली की.’

‘मग? काय म्हणतो?’

‘आता काय सांगू तुमास्नी. मेला म्हंतोय, मोर लई भारी हाय, चार डोळ्यांचा. असला बेंगळूरात कुनाकडंच न्हाय. घिऊन चाललाय संगं. हाफिसात भितीवर लावनार म्हंतोय.’

माहेनूर चहा सांडेपर्यंत हसली. देवदत्तसर चपला शोधायला लागले.

इंद्रायणीबाईंनी चष्मा काढला.